‘उपलब्ध असूनही’ : तुलनागटातल्या बायकांचा हिशेब

बार्शीत १९८७ पासून एक नोंदवही चालू आहे. सोलापूर जिल्ह्यातला बार्शी तालुका आणि त्याला लागून असलेले तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातले भूम व परांडा हे तालुके मिळून भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग-नोंदणी तिथे उभी राहिली. नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरत. कोणाला कर्करोग झाला, कुठल्या अवयवाचा, कोणत्या टप्प्यावर कळला आणि माणूस केव्हा दगावला, हे सारे त्या वहीत जात असे. बायकांच्या रकान्यात गर्भाशयमुखाचा कर्करोग वरच्या क्रमांकावर होता. हा कर्करोग होण्याआधी दहा-दहा वर्षे पेशींत बदल दिसत राहतात. ते वेळेत सापडले तर साध्या उपचाराने थांबवता येतात. असे असूनही त्याने माणूस जातो तेव्हा बहुधा तपासणी झालेली नसते, एवढाच त्याचा अर्थ असतो.

मृत्यू बिनचूक मोजण्याची व्यवस्था आहे आणि मृत्यू टाळण्याची नाही, असा प्रदेश संशोधकाला सोयीचा वाटावा यात नवल नाही. १९९९ मध्ये नेमक्या याच जिल्ह्यात जगातली एक मोठी चाचणी सुरू झाली. फ्रान्समधील लियों येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, मुंबईचे टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी ती चालवली. पैसा गेट्स प्रतिष्ठानाचा होता. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया, गावांचे ५२ समूह आणि चार गट. कोणता समूह कोणत्या गटात जाणार हे यदृच्छ निवडीने, म्हणजे सरळ चिठ्ठी टाकल्यासारखे, ठरले. पहिल्या गटाची एचपीव्ही विषाणूसाठी तपासणी झाली. दुसऱ्याची पॅप चाचणी झाली. तिसऱ्याची अॅसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी झाली. प्रत्येकीची ही तपासणी एकदाच व्हायची होती. चौथ्या गटातल्या ३१,४८८ बायकांची कसलीच तपासणी ठरलेली नव्हती. त्यांना रोगाची माहिती मिळाली, आणि पुढे आठ वर्षे त्यांच्यातले कर्करोग व मृत्यू मोजले गेले.

निष्कर्ष एप्रिल २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले आणि जगभर गाजले. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने झालेले मृत्यू असे : एचपीव्ही गटात ३४,१२६ पैकी ३४, पॅप गटात ३२,०५८ पैकी ५४, आम्ल-तपासणीच्या गटात ३४,०७४ पैकी ५६ आणि तपासणी न झालेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४. दर दहा हजारांमागे मांडले तर अनुक्रमे सुमारे १०, १७, १६ आणि २०. आयुष्यातल्या एकाच एचपीव्ही चाचणीने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर येतात, हे या जिल्ह्याने जगाला दाखवले. आज जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही चाचणीला प्राधान्य देते, त्यामागच्या पुराव्यात धाराशिवच्या या बायका आहेत.

विज्ञानाच्या बातम्या वाचणारा विद्यार्थी सहसा इथे थांबतो. आकडे लखलखीत आहेत, नियतकालिक मानाचे आहे, आणि जिल्हा आपला आहे. पण कागद-पेन्सिल हातात असेल तर आणखी एक भागाकार करता येतो. चौथ्या गटात पहिल्या गटाच्याच दराने मृत्यू झाले असते तर ते ३१ च्या आसपास भरले असते. झाले ६४. फरक ३३. हा हिशेब ढोबळ आहे आणि मागाहून केलेला आहे. एचपीव्ही चाचणी इतकी प्रभावी ठरेल हे १९९९ मध्ये कोणालाच ठाऊक नव्हते, म्हणून तो संशोधकांच्या डोक्यावर आरोपासारखा आपटणे अन्यायाचे होईल. परंतु हा भागाकार करायचाच नाही, असा जो सभ्य संकेत आपल्या विज्ञान-वार्तांकनात रूढ झाला आहे, तो मोडायलाच हवा.

हा गट एकटा नव्हता. १९९८ पासून मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारकाची दुसरी चाचणी चालू होती. तिला अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेचे अर्थसाहाय्य होते. तिथे ७५,३६० बायकांची आम्ल-तपासणी दर दोन वर्षांनी होत होती आणि ७६,१७८ बायका तुलनागटात होत्या. बारा वर्षांनी मृत्यू मोजले तेव्हा पहिल्या गटात ६७ आणि दुसऱ्यात ९८ निघाले. तिसरी चाचणी तमिळनाडूच्या दिंडिगुल जिल्ह्यात झाली. या तिन्ही चाचण्यांतले तपासणीविना ठेवलेले गट एकत्र केले तर १,३८,६२४ स्त्रिया होतात आणि त्यांतले मृत्यू २५४. ही बेरीज एका अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञाने, एरिक सुबा यांनी, जाहीरपणे मांडली, आणि २०१४ मध्ये ती ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल एथिक्स’मध्ये छापून आली. त्याआधी त्यांच्याच तक्रारीवरून अमेरिकी शासनाच्या मानवी संशोधन संरक्षण कार्यालयाने मुंबईच्या चाचणीची चौकशी केली होती. संमती घेताना बायकांना पुरेशी माहिती दिली गेली नव्हती, असा निष्कर्ष त्या कार्यालयाने काढला. मुंबईतल्या बाईला काय सांगितले गेले आणि काय नाही, याची विचारणा वॉशिंग्टनजवळच्या एका कचेरीने केली. तीही अशासाठी की पैसा अमेरिकी करदात्याचा होता. उस्मानाबादचा पैसा खासगी प्रतिष्ठानाचा होता, त्यामुळे त्या कार्यालयाचा हात तिथवर पोचतच नव्हता.

चाचणीच्या समर्थकांचे म्हणणे हलके नाही आणि ते हलक्याने घेऊ नये. त्यांचा पहिला मुद्दा असा की तुलनागटावाचून विज्ञान होत नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत पहिल्या वर्षाचा विद्यार्थीसुद्धा हे शिकतो : किरणोत्सारी स्रोत ठेवण्याआधी शोधक रिकामा चालवायचा आणि पार्श्वभूमीची मोजणी करायची. ती वजा केल्याशिवाय स्रोताची मोजणी अर्थहीन असते. हे सोळा आणे खरे. फक्त शोधकाच्या पार्श्वभूमीला मुलेबाळे नसतात. वैद्यकीय प्रयोगात पार्श्वभूमी कोणती धरायची, हा प्रश्न म्हणूनच निव्वळ संख्याशास्त्राचा राहत नाही. नवी पद्धत ‘काहीच नाही’शी ताडायची की ज्ञात असलेल्या सर्वोत्तम पद्धतीशी, हे आधी ठरवावे लागते. जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्याने २००० च्या सुधारणेत याचे उत्तर दिले होते : ज्ञात सर्वोत्तम पद्धतीशी.

उस्मानाबादेत तशी तुलना करणे शक्य होते की नाही? आकडे चाचणीनेच दिले आहेत. एचपीव्ही गटात दहा हजारांमागे १० आणि पॅप गटात १७. या दोन आकड्यांतला फरक त्याच्या सांख्यिकी त्रुटीच्या साधारण २.४ पट भरतो. गावांचे समूह करून निवड केल्यामुळे तो काहीसा खाली येईल, हे मान्य. तरीही ‘तीन पद्धतींपैकी कोणती निवडावी’ हा जो आरोग्यमंत्र्याच्या उपयोगाचा प्रश्न, त्याचे उत्तर पहिल्या तीन गटांतून मिळू शकत होते. गट अधिक मोठे घेतले असते तर अधिक ठामपणे मिळाले असते. चौथ्या गटाने उत्तर दिले ते ‘काहीतरी हे काहीच नसण्याहून बरे का’ या प्रश्नाचे.

येथे समर्थक योग्य ठिकाणी बोट ठेवतात. याच चाचणीत पॅप आणि आम्ल-तपासणी या दोन्ही गटांतली मृत्यूंची घट संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकली नाही. ५४ आणि ५६ हे ६४ पेक्षा कमी आहेत, पण निःशंकपणे कमी नाहीत. म्हणजे एकदाच केलेली पॅप चाचणी खेड्यात फारशी उपयोगी नाही हेसुद्धा चौथ्या गटामुळेच कळले, असे ते म्हणतात. शिवाय पॅप चाचणीची यदृच्छ निवडीने परीक्षा जगात कुठेच झाली नव्हती. आइसलँड, फिनलंड अशा देशांत मोहिमा सुरू झाल्यावर मृत्यू उतरले, एवढाच पुरावा हाती होता. हा मुद्दा या वादातला सर्वांत बळकट मुद्दा आहे. टीकाकारांनी तो टाळून चालवलेला प्रचार वाचताना अवघडल्यासारखे होते. ज्ञान मिळाले, ते खरे होते, आणि त्यातला काही भाग चौथ्या गटाशिवाय मिळाला नसता.

मग आक्षेप उरतो कोणता? तो ‘उपलब्ध’ या शब्दाचा आहे. समर्थकांचा दुसरा मुद्दा असा की त्या खेड्यांत तपासणी मुळातच नव्हती. ज्या बाईला काही मिळणारच नव्हते तिला काही न दिल्याने तिचे काय गेले? १९९७ मध्ये एचआयव्हीबाधित गर्भवतींना निष्क्रिय गोळ्या देण्याच्या आफ्रिका व आशियातील चाचण्यांवर वादळ उठले, तेव्हाही बचाव हाच होता. बचाव ऐकायला समंजस वाटतो. पण चाचणी सुरू झाली त्या दिवशी त्याच जिल्ह्यात ३२,०५८ बायकांसाठी पॅप चाचणीची सोय झाली होती. काचपट्ट्या होत्या, त्या वाचणारे तज्ज्ञ होते, आणि सापडलेल्या रोगावर बार्शीत उपचारही होते. हे सारे चाचणीनेच आणले होते. ज्या क्षणी ते आले त्या क्षणी ‘इथे काही उपलब्ध नाही’ हे विधान खोटे ठरले. त्यापुढे एका गावात उपलब्ध आणि शेजारच्या गावात अनुपलब्ध ही अवस्था दारिद्र्याने ठरवलेली नव्हती, ती चिठ्ठीने ठरवली होती. मुंबईत तर हा बचाव उभाही राहत नाही. पॅप चाचणी त्या शहरात होत होती, त्या रुग्णालयातही होत होती. झोपडीतल्या बाईपर्यंत ती पोचत नव्हती, एवढेच.

सगळ्यांना एकदम पुरवायला पैसे नव्हते, असे म्हणता येईल. ठीक. त्यावर इलाज काय, हे लियोंच्या त्या संस्थेला दुसऱ्या कोणी शिकवायची गरज नव्हती. १९८६ मध्ये याच संस्थेने पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात हिपॅटायटिस-बी लशीचा अभ्यास सुरू केला होता. लस एका दमात देशभर देणे शक्य नव्हते. म्हणून ती टप्प्याटप्प्याने, एकामागून एका भागात, चार वर्षांत देशभर पोचवण्याचा आराखडा केला गेला. ज्यांचा क्रम मागे होता ते त्या काळापुरते तुलनागट झाले आणि शेवटी प्रत्येक बाळाला लस मिळण्याची व्यवस्था झाली. पायऱ्यापायऱ्यांच्या या रचनेचे नाव आज संख्याशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत आहे. ते तेरा वर्षांनी उस्मानाबादच्या बायकांना लागू करता आले असते. लशीचा अभ्यास आणि तपासणीचा अभ्यास यांत फरक आहे आणि मृत्यूंतली घट दिसायला वेळ लागतो, हे सारे धरूनही चौथ्या गटाला तिसऱ्या, चौथ्या, निदान पाचव्या वर्षी तपासायला हरकत कोणती होती? हरकत एकच : आकडा पुसट झाला असता.

या सगळ्यात बार्शीच्या डॉक्टरांना खलनायक करू नये. त्या रुग्णालयाने ज्या मुलखात पाय रोवले तिथे तेव्हा कोणी जात नव्हते. नुसत्या प्रबोधनाने बायका आधीच्या टप्प्यावर दवाखान्यात येऊ लागल्या, हेही त्यांनीच १९९५ मध्ये दाखवून दिले होते. आणि तेच तर चिंतेचे कारण आहे. इतकी सज्जन माणसे, नामांकित संस्था आणि नीतिसमित्यांची मंजुरी असतानाही असा आराखडा कोणालाही न खटकता पार झाला. १९९७ मध्ये दिल्लीतला एक अभ्यास उजेडात आला होता. १९७६ ते १९८८ या काळात गर्भाशयमुखात कर्करोगपूर्व बदल असलेल्या १,१५८ स्त्रियांवर नुसती नजर ठेवली गेली होती. त्यांतल्या नऊ जणींच्या बाबतीत रोग आत शिरल्यावरच तो कर्करोग ठरला. संमतीचा कागद नव्हता. त्यावरून गदारोळ झाला, आणि २००० मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने जाडजूड मार्गदर्शिका काढली. हा गदारोळ आणि ही मार्गदर्शिका यांच्या मधल्या वर्षांत उस्मानाबादची चाचणी आखली गेली आणि सुरू झाली.

आता नियम कडक झाले आहेत, असे सांगितले जाते. ते अर्धे खरे आहे, आणि त्या अर्ध्याचे श्रेय मध्य प्रदेशातल्या एका कडवट प्रकरणाला आहे. इंदूरच्या डॉक्टरांनी रुग्णांवर औषधांच्या चाचण्या केल्याचे उघड झाले. माहिती दडवल्याबद्दल राज्य शासनाने बारा डॉक्टरांना प्रत्येकी पाच हजार रुपये दंड केला. पाच हजार! इंदूरचा स्वास्थ्य अधिकार मंच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेला. तिथे केंद्र शासनाला आकडे द्यावे लागले : जानेवारी २००५ ते जून २०१२ या काळात ४७५ नव्या औषधांच्या चाचण्यांदरम्यान २,६४४ मृत्यू, त्यांतले चाचणीमुळे झालेले ८०. दोहोंमधली रेषा कोणी आणि कशी आखली, हा प्रश्न स्वतंत्र लेखाचा आहे. न्यायालयाच्या रेट्याने २०१३ मध्ये भरपाईचे व नीतिसमित्यांच्या नोंदणीचे नियम आले आणि संमतीचे ध्वनिचित्रमुद्रण आले. मार्च २०१९ मध्ये ‘न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्स’ आले. भरपाईचे सूत्रही ठरले : आठ लाखांना वयाच्या गुणकाने व जोखमीच्या गुणकाने गुणायचे आणि ९९.३७ ने भागायचे. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता नव्वद टक्के वा अधिक असेल तर सरसकट दोन लाख. सूत्र मितींच्या दृष्टीने निर्दोष आहे, उत्तर रुपयांतच येते.

या नियमांत चाचणीमुळे झालेली इजा कशाला म्हणायचे याची यादी आहे. निष्क्रिय औषध दिलेल्या गटातल्या रुग्णाला इजा झाली तर भरपाई मिळते, पण एका अटीवर : प्रमाणित उपचार ‘उपलब्ध असूनही’ दिले गेले नसतील तर. हे दोन शब्द विद्यार्थ्यांनी अधोरेखित करून ठेवावेत. बरगीच्या जलाशयाकाठच्या गावाचे उदाहरण घ्यावे. जबलपूर शहरात वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि आदिवासी आरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्थाही आहे. काठावरच्या गावातली बाई मजुरीचा दिवस बुडवून, बसचे भाडे भरून तिथे गेली तर तिची तपासणी होऊ शकते. मग तिच्यासाठी ती ‘उपलब्ध’ आहे की नाही? संशोधन प्रस्तावात तुलनागटाचे समर्थन करताना उत्तर येईल : नाही, हा दुर्गम भाग आहे. आरोग्य खात्याच्या वार्षिक अहवालात उत्तर येईल : आहे, जिल्ह्यात सोय आहे. दोन्ही उत्तरे एकाच शासनाच्या दफ्तरात शेजारी शेजारी राहू शकतात. आणि बाई दगावली तर ज्या उत्तराने भरपाई द्यावी लागणार नाही ते उचलले जाईल.

तरी हे सारे औषधांच्या चाचणीपुरते. उस्मानाबादेत नवे औषध नव्हते, तपासणी होती. २०१९ च्या नियमांनी अशा अभ्यासांना ‘जैववैद्यकीय व आरोग्य संशोधन’ म्हणून वेगळ्या प्रकरणात ठेवले आहे. नीतिसमितीची नोंदणी करायची आणि संशोधन परिषदेची मार्गदर्शिका पाळायची, एवढे तिथे पुरते. औषध नियंत्रकाची परवानगी नाही, भरपाईचे ते सूत्र नाही. म्हणजे तोच आराखडा आज कोणी सादर केला तर इंदूरच्या रुग्णांनी मिळवलेला कायदा चौथ्या गटातल्या बाईच्या वाट्याला येत नाही. गोळीच्या ऐवजी साखरेची गोळी मिळाली तर ती निदान कायद्याच्या यादीत आहे, तपासणीच्या ऐवजी काहीच मिळाले नाही तर यादीतही नाही.

ही फट बुजवायला क्रांती लागत नाही. ज्या अभ्यासात माणसांच्या एका गटापासून ज्ञात उपाय जाणूनबुजून दूर ठेवला जातो तो अभ्यास, औषधाचा असो वा नसो, भरपाईच्या प्रकरणाखाली आणावा. ‘उपलब्ध’ याची व्याख्या चाचणी चालवणाऱ्यांच्या साधनांवरून व्हावी, गावाच्या दारिद्र्यावरून नव्हे : जे तुम्ही शेजारच्या गटाला देत आहात ते उपलब्ध आहे. आणि तुलनागटाला उपाय केव्हा मिळणार याची तारीख संमतिपत्रावर, मराठीत किंवा गोंडीत किंवा त्या बाईच्या जी भाषा असेल त्या भाषेत लिहिलेली असावी. अशाने चाचण्या परदेशी जातील, अशी ओरड होईल. २०१३ नंतरही झाली होती.

ऑक्टोबर २०२४ मध्ये हेलसिंकी जाहीरनामा नव्याने सुधारला गेला तेव्हा प्रयोगाधीन व्यक्तीसाठी आजवर वापरला जाणारा जुना शब्द काढून ‘सहभागी’ हा शब्द घालण्यात आला. सहभागी म्हटले की वाटा आलाच. उस्मानाबादच्या निष्कर्षांनंतर भारताने २०१६ मध्ये राष्ट्रीय तपासणीची मार्गदर्शिका काढली आणि तीत पद्धत निवडली ती आम्ल-तपासणीची. जिने मृत्यू निम्म्यावर आणले ती एचपीव्ही चाचणी महाग म्हणून बाजूला राहिली. निष्कर्ष छापून आल्याला दहा-बारा वर्षे होऊन गेल्यावर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांना विचारले गेले की गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात कधी झाली आहे काय. होय म्हणणाऱ्या निघाल्या १.९ टक्के. उरलेल्या ९८.१ टक्के अजून चौथ्या गटात आहेत.